फिल्टर आणि सायलेन्सर बदलल्यापासून बुलेट जुळेना. मेन जेट किती नंबरचा टाकू?

फटफटीवाला | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बाबांची २००४ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे. कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाचे गिअर, मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर. बाबा गेल्यापासून मीच चालवतो. मुलुंड ते अंधेरी, जाऊन-येऊन, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने. ही गाडी नीट चालणं माझ्यासाठी किती मोलाचं आहे ते वेगळं सांगायला नको.

महिन्यापूर्वी एअर फिल्टरचा डबा तडकला. गॅरेजवाल्याने डबा काढून थेट कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला. जुना सायलेन्सर खालून कुजला होता, म्हणून त्याच दिवशी शॉर्ट बॉटल, म्हणजे आखूड मोकळा सायलेन्सर, तोही लागला. त्या दिवसापासून गाडी माझी राहिलेली नाही.

१. सिग्नलला थांबलं की आयडलिंग टिकत नाही. रेस देत बसावं लागतं आणि पेट्रोलचा वास येतो. हलकेच रेस दिली की आधी गुदमरते, मग उचलते.
२. पवईच्या उतारावर रेस सोडली की मागून पटापट फटाके.
३. हायवेला पूर्ण रेस पिळली की सत्तरच्या पुढे दमच नाही. गंमत म्हणजे रेस किंचित मागे घेतली की उलट जोर येतो.

गॅरेजवाल्याने हवेचा स्क्रू चार आटे बाहेर काढून पाहिला, काही फरक नाही. मग मेन जेटबद्दल (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा, भोक असलेला पितळी तुकडा) म्हणाला, "मेन जेटला ड्रिल मारून मोठा करून देतो." मी गाडी उचलून घरी आणली. नेटवर सगळे सांगतात की फिल्टर-सायलेन्सर बदलला की जेट बदलायचा. नेमका किती नंबरचा टाकू?

---

पाचवागिअर | शनिवार, रात्री ११:०५

सरळ ११० टाका. माझ्या मित्राने हाच फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावून ११० टाकला, गाडी उडते.

---

जुनाफिटर | रविवार, सकाळी ७:२०

फटफटीवाले, गाडी परत आणलीत ते उत्तम केलंत. ड्रिल मारलेला जेट म्हणजे नंबर पुसलेला जेट. पुढे तो मोठा आहे की छोटा, किती मोठा, कुणालाच सांगता येत नाही. शिवाय जेटचं भोक साधं भोक नसतं. आतून घासून गुळगुळीत केलेलं असतं, तोंडाला उतार दिलेला असतो. ड्रिलने त्यात ओरखडे पडतात आणि पेट्रोलची धार फाटते. आपल्याकडे अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून जेटमध्ये तांब्याच्या वायरची एक तार घालणारे मिस्त्रीही मी खूप पाहिले. दोन्ही उद्योग इंजिनच्या जिवावर उठतात.

आता मुद्दा. तुमची तीन दुखणी मी दोनदा वाचली आणि ती एका जातीची नाहीत. आयडलिंगला पेट्रोलचा वास आणि गुदमरणं म्हणजे पेट्रोल जास्त, मिश्रण रिच. पूर्ण रेसला दम नाही आणि रेस मागे घेतली की जोर येतो, म्हणजे पेट्रोल कमी, मिश्रण लीन. एकाच कार्बोरेटरमध्ये खाली रिच आणि वर लीन असेल तर एकट्या मेन जेटने ते सुटणार नाही. उद्या ११० टाकलात तरी सिग्नलला गाडी तशीच गुदमरेल.

कार्बोरेटर म्हणजे एक नळ नव्हे, तीन-चार नळ आहेत आणि प्रत्येकाची पाळी वेगळी. रेस बंद ते साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट, म्हणजे आयडलिंगचा छोटा जेट, आणि हवेचा स्क्रू. तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडच्या, म्हणजे रेसच्या केबलने वर उचलल्या जाणाऱ्या झडपेच्या, खालच्या कापाचं राज्य. पाव ते पाऊण निडल, म्हणजे स्लाइडला लटकणारी सुई. मेन जेट खऱ्या अर्थाने बोलतो तो पाऊण रेसच्या पुढे. म्हणून दुखणं रस्त्यावर किती स्पीडला येतं हे मला सांगू नका, मूठ किती पिळल्यावर येतं ते सांगा. मुठीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, शेजारी स्विचच्या भागावर बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. दोन दिवस तसेच चालवा आणि लिहून ठेवा.

त्याआधी कार्बोरेटर सोडून बाकीचं बघा. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ठिणगीचं टायमिंग. टॅपेटचं झाकण उघडून थंड इंजिनवर व्हॉल्व्ह उघडणारी पुशरॉड बोटांनी सहज फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. इनटेकच्या जोडावर आयडलिंगला कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारा, इंजिनचा आवाज बदलला तर तिथून हवा शिरते आहे. इंजिन गरम असताना मारू नका, पेट घेईल. आणि बेंड पाइप सायलेन्सरमध्ये जिथे शिरतो तो जोड काजळीने काळा झालाय का पाहा.

अजून एक प्रश्न, याचं उत्तर नीट आठवून द्या. हवेचा स्क्रू फिरवल्यावर "काही फरक नाही" म्हणालात. म्हणजे थोडाही नाही?

---

कोळीवाडा | रविवार, सकाळी ९:१५

माझी आरएक्स १०० आहे, टू-स्ट्रोक, त्यामुळे माझा अनुभव जास्त कडू. मोकळा सायलेन्सर लावला, जेट तोच ठेवला, आणि लीन चालवत राहिलो कारण गाडी "हलकी पळते" असं वाटायचं. वाशी पुलावर पूर्ण रेसमध्ये पिस्टन धरला. मागचं चाक जाम. क्लच वेळेत दाबला म्हणून आज लिहितोय. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोलच पिस्टनला थंड ठेवतं. बुलेट इतक्या लवकर धरणार नाही, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन तापतातच. जेट ठरेपर्यंत पूर्ण रेस लांबवर पिळू नका, कळकळीने सांगतो.

---

फटफटीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. जुनाफिटर काका, चिकटपट्टी लावली आणि डोळे उघडले. मला वाटत होतं मी रोज अर्धी रेस वापरतो. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये खूण पाव रेसच्या पुढे क्वचितच जाते! म्हणजे माझ्या रोजच्या चालवण्यात मेन जेटचा जवळजवळ संबंधच येत नाही.

नोंदी अशा: बंद ते पावपर्यंत गुदमरते, प्लग काळा मऊ काजळीचा. पाव ते पाऊण बऱ्यापैकी ठीक. पाऊणच्या पुढे दम नाही.

पॉइंट, टायमिंग, पुशरॉड सगळं जागेवर. इनटेकला हवा शिरत नाही. सायलेन्सरच्या जोडावर मात्र हाताला लागेल इतकी काजळी.

हवेच्या स्क्रूचं: पूर्ण आत नेला, चार आटे बाहेर काढला, इंजिनचा ठोका जराही बदलत नाही. शपथेवर सांगतो, जराही नाही.

---

जुनाफिटर | मंगळवार, रात्री १०:३०

सापडलं असं वाटतंय.

व्हीएमचा हा स्क्रू पेट्रोल सोडत नाही, पायलट जेटकडे जाणारी हवा सोडतो. बाहेर काढला की हवा वाढते, मिश्रण लीन होतं. आत नेला की रिच. चार आटे फिरवूनही ठोका बदलत नसेल तर त्या वाटेने हवाच येत नाही. ती हवा येते कुठून? कार्बोरेटरच्या तोंडाशी, फिल्टरच्या बाजूला, कडेला एक-दोन बारीक भोकं असतात. मूळ रबरी नळी त्यांना मोकळं ठेवून बसते. बाजारातल्या शंकू-फिल्टरच्या रबराला आतून जाड ओठ असतो आणि क्लॅम्प आवळला की तो ओठ भोकांवर बसतो.

फिल्टर काढा, टॉर्च मारा, रबराच्या आतल्या बाजूला भोकाचा ठसा उमटलाय का बघा.

---

फटफटीवाला | बुधवार, सकाळी ६:४५

काका, दंडवत.

पहाटे उठून फिल्टर काढला. रबराच्या आतल्या ओठावर, घड्याळात साडेपाचला काटा असेल त्या जागी, मसुराच्या डाळीएवढा गोल ठसा. कार्बोरेटरच्या तोंडाचं भोक बरोबर त्याच्याखाली. ठशाच्या मध्ये रबर किंचित आत ओढलं गेलंय, म्हणजे महिनाभर इंजिन तिथून हवा मागत होतं आणि रबर चोखत होतं.

धारदार पात्याने तेवढा ओठ अर्धचंद्रासारखा कापला, रबराचा कण आत जाऊ नये म्हणून फिल्टर हातात घेऊन, लांब बसून. परत बसवला. इंजिन गरम केलं, स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड आटा बाहेर काढला. आता पाव आटा फिरवला तरी ठोका बदलतो! दीडच्या जरा पुढे सगळ्यात स्थिर. सिग्नलला मूठ सोडून उभा राहिलो तरी डुग डुग डुग सुरूच. बाबांच्या वेळचा आवाज.

---

शांतगल्ली | बुधवार, दुपारी १:१०

अभिनंदन. पीयूसी काढून घ्या, आकड्यातच कळेल. तुमच्यासारख्या २००४ च्या फोर-स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम ही मर्यादा आहे.

आणि मनापासून एक विनंती. माझं घर रुग्णालयाच्या गल्लीत आहे. शॉर्ट बॉटल लावलेली बुलेट रात्री जाते तेव्हा काय होतं ते मी रोज ऐकते. कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रचनेत मनाने फेरफार करू देत नाही. १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. जेट जुळवा, जरूर जुळवा, पण सायलेन्सरचा फेरविचार करा.

---

पाचवागिअर | बुधवार, दुपारी ३:३०

माझं ११० घाईचं होतं, मान्य. आता माझा प्रश्न. पल्सर २२०, कार्बोरेटरवाली. मीही शंकू-फिल्टर लावला. मधल्या रेसला गाडी थरथरते, धरते-सोडते. मी स्क्रू बाहेर काढून लीन करतोय, पण प्लग आणखी काळा होतो. जेटचं काम आहे का?

---

जुनाफिटर | बुधवार, सायंकाळी ७:००

पाचवागिअर, तुमचा कार्बोरेटर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) जातीचा. त्याचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि तो पेट्रोल-मिश्रण सोडतो. तिथे बाहेर काढला की रिच, आत नेला की लीन. बुलेटच्या व्हीएमच्या बरोबर उलट. ही एक गोष्ट कळली नाही म्हणून लोक महिनोन्महिने उलट्या दिशेने फिरवत बसतात. ओळख सोपी: स्क्रू फिल्टरकडे असेल तर हवेचा, इंजिनकडे असेल तर मिश्रणाचा.

थरथरण्याचं कारण वेगळं. सीव्हीमध्ये स्लाइड केबलने उचलली जात नाही. वर रबरी डायफ्रॅम असतो, त्याच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबातल्या फरकावर ती तरंगते. खालच्या बाजूची हवा फिल्टरच्या डब्यातून शांतपणे येते. डबा काढून उघडा फिल्टर लावला की वाऱ्याचे झोत थेट लागतात आणि स्लाइड नाचते. ते जेटने थांबत नाही. मूळ डबा परत लावा, त्यात हवा तर चांगला स्वच्छ फिल्टर घाला. आधी डायफ्रॅमला बारीक चीर नाही ना, ते उजेडात धरून पाहा.

फटफटीवाले, आता तुमचा मेन जेट. फ्लोटचा वाडगा, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, काढा, खालून पेट्रोल पडेल, बाटली धरा. मधोमध पितळी जेट दिसेल, त्यावर नंबर असतो. पेचकस बरोबर मापाचाच घ्या, पितळ मऊ असतं, खाच एकदा चुरली की संपलं. जुना जेट टाकून देऊ नका. नवे एक-एक पायरीने वरचे दोन-तीन आणा, एकाच कंपनीचे. वेगवेगळ्या कंपन्या नंबर वेगवेगळ्या पद्धतीने देतात, कुणी भोकाच्या मापावर, कुणी किती पेट्रोल वाहतं त्यावर, त्यामुळे एकाचा १०० म्हणजे दुसऱ्याचा १०० नव्हे. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा. सुट्या पुडीतला, नंबर धड न उमटलेला जेट फुकट दिला तरी घेऊ नका.

---

घाटपायथा | बुधवार, रात्री ९:४०

ताज्या धाग्यासाठी धन्यवाद, खूप शिकायला मिळतंय. मी भटकंतीवाली, म्हणून चाचणीबद्दल बोलते.

मुंबईत पूर्ण रेस सलग पिळायला जागा नाही. फ्रीवे, सी-लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, सगळीकडे दुचाकीला बंदी. मुलुंडहून तुम्हाला नाशिक हायवे जवळ. रविवारी पहाटे पडघ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळतो. नवा प्लग लावा, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस काही सेकंद धरा, मग एकदम क्लच दाबून इग्निशन बंद, कडेला थांबा आणि प्लग काढा. रेस सोडून आयडलिंगवर थांबलात तर प्लगवर आयडलिंगचाच रंग दिसेल. टोकाचा रंग बघू नका, पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी मुळाशी, आत खोलवर जे कडं असतं ते भिंगातून बघा. पाठीमागे गाड्या नाहीत याची आधी खात्री करा, आणि एक माणूस सोबत न्या.

आणखी दोन गोष्टी. तुमची गाडी २००४ ची, तेव्हाच्या पेट्रोलवर बेतलेली. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल स्वतःतच ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून त्याला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा, इथेनॉलला सुमारे ९ पट. म्हणजे फिल्टरला हात लावायच्या आधीच तुमची गाडी मूळ जेटवर थोडी लीन चालत असणार. फिल्टर-सायलेन्सरने त्यात भर घातली.

दुसरं, जेट मुंबईत समुद्रसपाटीला ठरवाल. दर हजार मीटर चढाला हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर आहे, तिथे हाच जेट रिच वाटेल. त्यासाठी तो बदलू नका, परत खालीच यायचंय.

---

फटफटीवाला | सोमवार, रात्री ८:१५

सविस्तर लिहितो.

सायलेन्सरच्या जोडात सील बदलून क्लॅम्प आवळला. उतारावरचे फटाके नव्वद टक्के गेले. जोडातून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटायचं. म्हणजे तेही जेटचं दुखणं नव्हतंच.

मेन जेट काढला. नंबर ९०. ९५, १०० आणि १०५ असे तीन घेतले. काल पहाटे पाच वाजता मित्राला घेऊन पडघ्याच्या पुढे गेलो. ढाब्याच्या बाकावर जुनं वर्तमानपत्र पसरून वाडगा तीनदा उघडला. बोटांना दिवसभर पेट्रोलचा वास होता.

९५: सत्तरच्या पुढे जाते, पण रेस किंचित मागे घेतल्यावर अजून थोडा जोर येतो. प्लगच्या मुळाशी पांढरं.
१०५: पूर्ण रेसला गळा भरल्यासारखी घरघरते, उचल जड. प्लगच्या मुळाशी जाड काळं कडं.
१००: पूर्ण रेसला स्वच्छ ओढ. रेस मागे घेतली की जोर सरळ कमी होतो, जसा व्हायला हवा. मुळाशी बारीक तपकिरी रेघ.

निडल मधल्या खाचेत होती. तिला हात लावला नाही, कारण अर्ध्या रेसला तक्रार नव्हती. शंभरवर कसारा घाट चढून इगतपुरीला जाऊन चहा प्यायलो. वर जराशी जड वाटली, खाली उतरल्यावर पुन्हा मोकळी. घाटपायथा ताईंनी सांगितलं तसंच.

पीयूसीही केली. कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के. गेल्या महिन्यात, रबराचा ओठ भोकावर होता तेव्हा, ४.९ येऊन नापास झाली होती, आणि केंद्रावरच्या माणसाने मला इंजिनचं काम काढायला सांगितलं होतं!

---

कोळीवाडा | सोमवार, रात्री ९:००

वा! पावसाआधी एकच सांगतो. उघडा शंकू-फिल्टर आणि मुंबईचा जुलै यांचं जमत नाही. कांजूरला पाणी साचतं, बसचा एक फवारा आला की फिल्टर भिजतो, हवा अडते आणि गाडी रिच होऊन बंद पडते. ई२० पाणी ओढतं, म्हणून पावसात आठवड्याला वाडग्याचा स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून बघा. पाणी जास्त झालं असेल तर तळाला वेगळा थर दिसेल.

---

फटफटीवाला | पुढचा रविवार, सायंकाळी ६:३०

शेवटची खबर.

शांतगल्ली ताईंचा प्रतिसाद डोक्यातून जात नव्हता. आमच्या इमारतीत तळमजल्यावर आजी आहेत, त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तू रात्री येतोस ते कळतं रे बाबा." २०२९ ला वडाळ्याला नोंदणीचं नूतनीकरणही आहे. कंपनीच्या मापाचा सायलेन्सर लावून टाकला. कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरून फिल्टरचा न तडकलेला डबाही मिळवला, कागदी फिल्टर नवा घातला.

आणि अर्थातच १०० आता रिच झाला. पूर्ण रेसला तीच घरघर, प्लगच्या मुळाशी काळं कडं. ९० परत लावून पाहिला तर ई२० मुळे रेस मागे घेतल्यावर अजूनही हलकासा जोर येतो. ९५ वर बसली. स्क्रू पुन्हा दीड आट्यावर, डब्याची रबरी नळी भोकाला मोकळं ठेवते आहे हे टॉर्च मारून पाहिलं.

बाबांच्या टूलबॉक्समध्ये कॅमेऱ्याच्या रोलची एक काळी डबी सापडली. त्यात आधीच एक पितळी जेट होता, कागदात गुंडाळलेला, कागदावर बाबांच्या अक्षरात "९०, मूळ". म्हणजे माझ्या गाडीतला ९० मूळ नव्हताच, त्यांनी कधीतरी नवा लावला होता. माझे ९०, १०० आणि १०५ वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून, नंबर आणि तारीख लिहून त्याच डबीत ठेवले.

---

जुनाफिटर | पुढचा रविवार, रात्री ८:००

छान. फ्लोटच्या वाडग्याचं गॅस्केट या भानगडीत चार-पाचदा उघडलंय, ते नवं घाला. आणि हजार किलोमीटरनंतर प्लगचा रंग इथे कळवा.